त्या दिवशी टग गोदीत होती

अकरावं पत्र टाइप करून द्यायला मी साफ नकार दिला.

"बाबा, आधीच्या दहा पत्रांत जे लिहिलंय तेच ह्यात आहे," मी म्हणाले. "पहिल्यात 'नम्र विनंती' होती, पाचव्यात नुसती 'विनंती', दहाव्यात 'सूचना'. आता काय उरलं?"

"ताकीद," बाबा म्हणाले. "लिही. ताकीद."

आई आतून म्हणाली, "अगं, दे बाई लिहून. नाहीतर दिवसभर माझ्या डोक्याशी इंजिन चालवत बसतील."

मी लिहून दिलं. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं लिहायची आणि घरी येऊन बापाचं लिहायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. पत्र बंदराच्या संग्रहालयाच्या संचालकबाईंना, आणि मजकूर दर वेळी एवढाच: तुम्ही जतन केलेली टग वादळाच्या दिवशी समुद्रात गेलीच नव्हती. पाटी बदला.

बाबा त्या टगवर एकतीस वर्षं इंजिनवाले होते. टग म्हणजे बुटकी, जाडजूड बोट. मोठी जहाजं बंदरात ओढून आणायची, धक्क्याला नीट टेकवायची, पुन्हा बाहेर नेऊन सोडायची. तिला ना वेग ना रूप. अर्धी बोट म्हणजे नुसतं इंजिन. त्या इंजिनाशेजारी उभं राहून बाबांचे कान गेले, म्हणून ते साधं 'मीठ दे'सुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं सांगतात. मात्र यंत्राचा आवाज त्यांना बरोबर ऐकू येतो. माझं लग्न ठरायच्या वेळी सासरच्या घरी सगळे गप्पा मारत असताना हे गृहस्थ उठले, त्यांच्या फ्रिजला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "महिनाभर टिकेल." लग्न टिकलं, फ्रिज तीन आठवड्यांत गेला. सासूबाई अजून म्हणतात, तुझ्या वडिलांची दृष्ट लागली.

त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, हेही टगवरच, पण दुसऱ्या. बंदराने दोन टग एकदम मागवल्या होत्या, एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून काढलेल्या. एकीच्या धुराड्यावर चार आकडा, दुसरीच्या पाच. बाबा चार नंबरवर, काका पाच नंबरवर दोरखंडाच्या कामाला. दोघांची लग्नं, मुलं, घरं सगळं पुढे झालं, पण भांडण तेव्हापासूनचं. कुणाची टग जास्त ओढते, कुणाचा कप्तान गाढव. जेवायला बसले की आई आणि काकू ताटं वाढून बाजूला व्हायच्या. म्हणायच्या, आता ह्या दोन टग धक्क्याला लागेपर्यंत आपण काही बोलायचं नाही.

मग ते वादळ आलं. मी तेव्हा चार वर्षांची होते. एका मालवाहू जहाजाचं सुकाणू मोडलं आणि ते वाऱ्याबरोबर बंदराबाहेरच्या खडकांकडे वाहत निघालं. भर दुपारची गोष्ट, पण दिवे लावावे लागले होते. पाच नंबर गेली. तिने जहाजाला दोर लावला, खडकांपासून वेगळं केलं आणि चार तासांनी आत आणलं. जहाजावरची सगळी माणसं वाचली. दोरखंड आवळताना काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यात सापडली, ती गेली.

आणि चार नंबर? ती दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत होती. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा काढून ठेवलेला, टग ओंडक्यांवर चढवलेली, पोटाला शिडी लावलेली. बाबा हातात दांड्याची कडी घेऊन गोदीच्या भिंतीवर उभे राहिले आणि सगळं लांबून पाहत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढची अडतीस वर्षं काकांनी ती गोष्ट सांगितली. पाहुण्यांना, डॉक्टरांना, दाराशी आलेल्या वीजवाल्याला. काकांनी "लाट म्हणजे, अशी" म्हणून तीन बोटांचा हात वर केला की बाबा ताटात तोंड घालून जेवायला लागायचे. एरवी सावकाश जेवणारा माणूस, त्या गोष्टीच्या वेळी मात्र दोन मिनिटांत हात धुऊन मोकळा.

वादळाने पाच नंबरच्या पोटाचे पत्रे खिळखिळे झाले होते. आठ-दहा वर्षं ठिगळं लावून वापरली आणि शेवटी भंगारात काढली. पुढे गोंधळ झाला तो इथे. बंदराच्या नव्या साहेबांना रजिस्टरात मधला आकडा गायब झालेला खपेना. त्यांनी हुकूम काढला, सगळ्या टगांचे आकडे नव्याने लावा, नव्या टग आधी, जुन्या मागे. त्या फेरफारात बाबांच्या चार नंबरचा झाला पाच. धुराड्यावर नवा आकडा रंगवायचं काम इंजिनवाल्याकडे आलं. जुना आकडा खरवडून काढायचा, अस्तर लावायचं, मग नवा रंगवायचा, असा लेखी हुकूम होता. बाबांनी एका सकाळी ते उरकलं. त्या दिवशी त्यांना काही वाटलं नसणार. आकडा तो आकडा.

बाबा निवृत्त झाले, पाठोपाठ टगही. ती कोपऱ्यात गंजत पडली. मग गावातल्या काही मंडळींनी जुनी बंदरं, जुनी जहाजं वाचवायला हवीत म्हणून एक समिती काढली आणि टग मागून घेतली. बातमी वाचून बाबा तीन दिवस कुणाशी भांडले नाहीत. आईला वाटलं, ताप आहे.

उद्घाटनानंतरच्या रविवारी आम्ही सगळे गेलो. बाबांनी लग्नातला कोट घातला होता. धक्क्याच्या वळणावरून टग दिसली आणि ते थांबले.

"लाल?" ते म्हणाले. "लाल कुणी सांगितला?"

काळी टग लाल झाली होती, कठड्यांना पांढरा रंग, धुराड्यावर टोलेजंग पाच. आत गेल्यावर आणखी धक्के बसले. इंजिनाला चंदेरी रंग दिला होता, तेल घालायच्या भोकांसकट. कप्तानाच्या खोलीत टेबलावर दुर्बीण आणि चिरूट ठेवलेला. "कप्तानाला दमा होता!" बाबा ओरडले. पुढे खलाशांच्या जागेत एक मेणाचा माणूस झोपवला होता, बूट घालून. बाबा त्याच्याकडे बघत इतका वेळ उभे राहिले की मागची रांग खोळंबली.

हेही सगळं त्यांनी गिळलं असतं. पण वर गाईड उभा होता. गाईड म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर, इतिहास शिकवायचे आणि गॅदरिंगची नाटकं बसवायचे. आवाज खर्जातला. त्यांच्या मागे भिंतभर मोठा केलेला वर्तमानपत्रातला फोटो: धुकट समुद्र, एक टग, खाली अक्षरं, 'वादळातून जहाज वाचवणारी टग क्रमांक पाच'.

"आणि मग," मास्तर हात पसरून म्हणाले, "हीच ती टग, जिने उसळत्या सागराला ललकारलं..."

"ही नव्हे," बाबा म्हणाले. त्यांचं साधं बोलणं ते, पण सगळी टग दणाणली.

"काय म्हणालात?"

"ही नव्हे ती. ही त्या दिवशी गोदीत होती. हिचा दांडा काढला होता. मी काढला होता!"

मास्तरांनी शाळेत चाळीस वर्षं काढलेली. ते गोड हसून लोकांना म्हणाले, "आपल्यात एक जाणकार आले आहेत. प्रश्न शेवटी घेऊ."

शेवटी त्यांनी प्रश्न घेतले. बाबांचा सोडून.

तिथून पत्रं सुरू झाली. पहिल्या पत्राला संचालकबाईंचं उत्तर आलं: आपल्या भावना पोहोचल्या. बाबांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "भावना कुठे पाठवल्या मी? मी नंबर पाठवला." दुसऱ्या पत्राला उत्तर: आपल्या आठवणींचे संग्रहालयास मोल आहे. तिसऱ्याला: कागदोपत्री पुरावा असल्यास सादर करावा.

पुरावा म्हणजे गोदीचं रजिस्टर. बाबा बंदराच्या कचेरीत गेले. तिथे सांगितलं, जुनी रजिस्टरं आम्ही पेटीत भरून संग्रहालयाला दिली. संग्रहालयात गेले. तिथे सांगितलं, पेटी आहे, पण उघडता येत नाही, कारण नोंदी करणाऱ्या माणसाची नेमणूक व्हायची आहे. कधी होणार? बंदराच्या कचेरीकडून मंजुरी आली की. बाबा पुन्हा कचेरीत. तिथे म्हणाले, मंजुरीचं पत्र आम्ही केव्हाच पाठवलं, त्या पेटीतच असेल बघा.

हे ऐकून बाबा घरी आले आणि बाथरूमचा नळ सोडवून, पुसून, परत बसवला. नळाला काहीही झालं नव्हतं.

"जाऊ दे ना," मी एकदा चिडून म्हणाले. "तुमच्याच टगचं नाव होतंय. गाजावाजा तुमच्या बाजूने आहे. दुसरा कुणी असता तर पेढे..." मी जीभ चावली, कारण बाबांचा चेहरा बघवेना.

"तुझ्या काकाची बोटं गेली," ते म्हणाले, आणि प्रथमच हळू आवाजात म्हणाले.

खरी अडचण अशी, की काकांना ह्याचं काहीच नव्हतं. बाबा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी बरोबर होते. काका खिडकीशी बसून पेपर वाचत होते. काकू गेल्यापासून ते कमी बोलत. बाबांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "दादा, तू चल. तू प्रत्यक्ष होतास. तुझं ऐकतील."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझी गोष्ट माझ्या टगला चिकटवलीये त्यांनी!"

"चिकटवू दे." काकांनी पान उलटलं. "तुझी टग आहे तरी. माझीचे पत्रे कुठल्या कुठे गेले."

"पण खोटं आहे ते!"

"धाकट्या, माझे गुडघे दुखतात. ती शिडी मला जमायची नाही."

महिनाभर बाबा रोज त्यांच्याकडे जात होते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी काका कंटाळून म्हणाले, "चल, पण एकदाच." आणि एका शनिवारी सकाळी आम्ही तिघं संग्रहालयात गेलो. काकांना टगवर चढवायला दहा मिनिटं लागली. वर आल्यावर ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि मागच्या बाजूच्या लोखंडी खुंटाकडे बघत राहिले, ज्याला दोरखंड गुंडाळतात. अगदी तसाच खुंट त्यांच्या टगवर होता. बाबा त्यांच्या कानात ओरडत होते, "आता मास्तर येतील, त्यांना सगळं सांग."

मास्तर आले. बाबांना बघून त्यांचा चेहरा पडला, पण समोर पंधरा-वीस माणसं होती. बाबा म्हणाले, "हे माझे थोरले भाऊ. वादळात हे होते. विचारा त्यांना."

लोक वळले. मास्तर नाटकी असले तरी वाईट नव्हते, त्यांनी आदराने विचारलं, "आजोबा, हाताला काय झालं आपल्या?"

काकांनी तीन बोटांच्या हाताकडे पाहिलं.

"दार लागलं," ते म्हणाले.

मला वाटलं, बाबांना तिथेच झटका येणार. मास्तर घाईघाईने लोकांना पुढे घेऊन गेले. काका शिडीकडे वळले आणि जसे चढले तसेच एकेक पाय टाकत उतरले.

धक्क्यावरच्या बाकावर ते बसले. बाबा त्यांच्यासमोर उभे.

"दार लागलं? दार? दादा, अडतीस वर्षं आमचे कान किटवलेस! येईल त्याला पकडून सांगत होतास, आणि आज जेव्हा सांगायचं तेव्हा दार?"

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये!" चार बगळे उडाले.

"अडतीस वर्षं सांगितलं ना मी?" काका म्हणाले. "बरोबर. सगळ्यांनी ऐकलं. वीजवाल्याने ऐकलं. तुझ्या बायकोने शंभर वेळा ऐकलं बिचारीने. तू एकदा ऐकलंस? मी तोंड उघडलं की तू खाली मान घालून घास कोंबायचास. एकदा तरी म्हणालास, दादा, मग काय झालं? आणि आता तुला मी हवाय. कशाला? पुरावा म्हणून. मी काय रजिस्टर आहे?"

बाबांनी खिशात हात घातला. त्यांच्या खिशात काय नसतं? फडकं, दोरी, पाना. त्या दिवशी रंग खरवडायची पत्ती निघाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि तरातरा टगकडे निघाले.

"बाबा!" मी हाक मारली. "बाबा, नको!"

एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण त्या टगवर पायांना काही विचारावं लागत नव्हतं. 'हात लावू नये' अशा तीन पाट्या ओलांडून ते वरच्या फळीवर चढले आणि धुराड्यावरच्या त्या टोलेजंग पाचाला पत्ती लावली.

आधी लाल रंगाचे पापुद्रे पडले. मग समितीचं अस्तर. मग जुना काळा. खाली लोक जमले. पहारेकरी धावत आला आणि वर बघून तिथेच थांबला, कारण शिडी अरुंद होती आणि त्याला उंचीची भीती होती, हे त्याने नंतर मला सांगितलं. संचालकबाई कचेरीतून आल्या. "काय चाललंय हे? खाली उतरा आधी! ती जतन केलेली वस्तू आहे!"

"तेच करतोय," बाबा वरून म्हणाले.

त्यांचा हात बदलला होता. आता ते पत्ती आडवी धरून, नखाने सोलावं तसं एकेक पापुद्रा उचलत होते. काळ्याच्या खालून पांढरं डोकावलं. आधी खालचा गोल वेढा दिसला, मग वरचे दोन फाटे. पाचाच्या बरोबर खाली, त्याहून जरासा डावीकडे सरकलेला, स्वच्छ चार.

मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा लावला.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" संचालकबाईंनी विचारलं. "अकरा पत्रं लिहिलीत! एकातही नाही!"

मलाही तेच विचारायचं होतं. दोन वर्षं, अकरा पत्रं, माझ्या बोटांचे तुकडे पडले टाइप करून.

बाबा वर उभे, हातात पत्ती, आणि त्यांचे कान लाल झालेले. "खरवडून काढायचा हुकूम होता," ते म्हणाले. एवढ्या हळू की मास्तरांना "काय?" विचारावं लागलं. "त्या दिवशी ऊन फार होतं. मी तसाच वरून रंग मारला. साहेबांना सांगितलं, खरवडला म्हणून."

एकतीस वर्षांच्या नोकरीतला तो एकमेव कामचुकारपणा, आणि तो लपवण्यासाठी ह्या माणसाने पेट्या, कचेऱ्या, मंजुऱ्या आणि मला एवढं फिरवलं. साहेब बहुधा कधीच वारले असतील. माझ्या मनात आलं, ह्यांना मिठी मारावी की तिथूनच पाण्यात ढकलावं.

मागून हसण्याचा आवाज आला. काका बाकावर बसून पोट धरून हसत होते. "धाकट्या!" ते म्हणाले. "अरे, तू पण?"

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाकडून एक पत्र आलं, त्यात 'प्रदर्शित वस्तूचे नुकसान' असे शब्द होते. चौथ्या दिवशी दुसरं आलं, त्यात ते शब्द नव्हते. संचालकबाईंनी स्वतः उभं राहून पेटीचं कुलूप तोडून घेतलं होतं. रजिस्टर होतं. वादळाच्या तारखेला चार नंबर सुक्या गोदीत, पंख्याचा दांडा काढलेला, खाली बाबांची सही. बाई तशा सरळ. त्यांनी घरी येऊन आईच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "चूक आमची. पण मला एक सांगा, आता लोकांना आम्ही काय दाखवायचं?"

पण त्याआधीची, खरवडलं त्याच दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. आम्ही काकांना आमच्याकडेच जेवायला आणलं. आईने ताटं वाढली. बाबांनी एक घास घेतला, तो चावत बसले, चावत बसले. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

"दादा," ते म्हणाले. "दोर लागला पहिल्यांदा, तो तुटला ना? मला भिंतीवरून तसं दिसलं. मग काय झालं?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग आईकडे, जणू हे खरंच ऐकलं का विचारत.

"तुटला नाही," ते म्हणाले. "मी सोडला."

ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली होती आणि त्यात हे कधीच नव्हतं. पहिल्या वेळी लाट आली तेव्हा काका घाबरले आणि त्यांनी खुंटावरचा दोर सोडून दिला. जहाज पुन्हा खडकांकडे निघालं. कप्तानाने टग फिरवली, दुसरा दोर लावला, आणि ह्या वेळी काकांनी तो सोडलाच नाही. सोडायला हवा होता तेव्हाही नाही. म्हणून बोटं गेली. "लोकांना वाटतं, शूर होता," काका म्हणाले. "मी नुसता लाजलो होतो."

बाबा ऐकत होते. पुढे होऊन, कानामागे हात धरून. मग म्हणाले, "पण खुंटाला वेढे किती दिले होतेस?"

"तीन."

"तीन? त्या लाटेत तीन? अरे, चार द्यायचे असतात! गाढवालासुद्धा कळतं!"

"तू होतास का तिथे?"

"होतो! भिंतीवर होतो!"

आईने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

नवी पाटी लागली आहे. तिच्यावर लिहिलंय की ही टग चार नंबरची, तिने वादळात भाग घेतला नाही. जहाज तिच्या जुळ्या बहिणीने वाचवलं, आणि त्या टगवरच्या माणसांची नावं खाली आहेत, काकांचं दुसरं. धुराड्यावर पाच आणि त्याच्याखाली अर्धा उघडा चार तसाच ठेवलाय, वरून काच बसवून. बाबांची त्यावर तक्रार आहे की काचेत वाफ धरते.

बाबांनी मास्तरांनाही वळवलं. मास्तर आता वादळ सांगतात, पण पाच नंबरचं म्हणून, आणि हात पूर्वीपेक्षा जास्त पसरतात. काकांना घेऊन बाबा चार-पाच रविवार गेले. काका इंजिनाच्या खोलीत स्टुलावर बसायचे, लोक विचारायचे, ते सांगायचे, आणि बाबा मध्ये मध्ये दुरुस्त्या करायचे. मग काकांचे गुडघे अगदीच गेले आणि ते यायचे बंद झाले. आता बाबाच त्यांच्या घरी जातात.

गेल्या महिन्यात मास्तरांचा घसा बसला आणि संचालकबाईंनी भीतभीत बाबांना विचारलं, दोन रविवार तुम्ही माहिती द्याल का? मी बघायला गेले. बाबांनी लोकांना थेट खाली नेलं आणि पाऊण तास तेलाच्या पंपापाशी उभं केलं. पंप कसा चालतो, का बंद पडतो, चंदेरी रंग दिल्याने त्याचं काय वाटोळं झालंय. हळूहळू मंडळी जिन्याने वर सटकू लागली. शेवटी एक बाई उरल्या, हातात पिशवी, बहुधा भाजी घेऊन घरी निघालेल्या.

"पण काका," त्या म्हणाल्या, "वादळात ही नव्हती, मग हिने केलं काय?"

बाबा वैतागले. "काय केलं? रोज सकाळी सहाला जहाजं आत आणली, संध्याकाळी बाहेर सोडली. एकतीस वर्षं. एकदा पाइप फुटला तर फडकं बांधून आणली. एकदा कप्तानाला दम्याचा झटका आला, तेव्हा मी वर जाऊन सुकाणू धरलं, खाली इंजिन एकटं सोडून. कुठे पेपरात नाही आलं. यायला काही घडायला हवं ना! घडू दिलंच नाही!"

"हो का?" बाई म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवली. "मग तो पाइप कुठला?"

बाबांनी त्यांना पाइप दाखवला. मग त्याच्या शेजारचा. मी घड्याळ बघितलं, आईला फोन करून सांगितलं की जेवायला उशीर होईल, आणि खलाशांच्या जागेत जाऊन मेणाच्या माणसाच्या पायातले बूट काढून ठेवले, कारण ते काढल्याशिवाय बाबा घरी येणार नाहीत असं सकाळीच बजावून झालं होतं.